जुन्या स्प्रिंगच्या खुर्चीत काय भरायचं: काथ्या, फोम, कापूस आणि घोड्याचे केस

सागवानी किंवा शिसवी हातांची जुनी खुर्ची नव्याने मढवायला काढली की सगळं लक्ष कापडाकडे जातं. रंग कोणता, मखमल घ्यावी की जाड सुती, रेक्झिन चालेल का. आत काय भरायचं हे मात्र दुकानदारावर नाहीतर कारागिरावर सोडलं जातं, आणि तो सवयीप्रमाणे चार-पाच इंची फोम टाकून मोकळा होतो. कापड नाही आवडलं तर पुढे बदलता येतं. भरण चुकली तर बैठक उंच होते, पाय लोंबकळतात, कडा दबतात, मधे खड्डा पडतो, आणि नवं कोरं कापड उसवून सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

हा लेख स्प्रिंगची बैठक असलेल्या खुर्चीसाठी आहे, म्हणजे खाली पट्ट्या, त्यावर शंकूच्या आकाराच्या स्प्रिंगा, त्यावर तरट आणि मग भरण. सुट्या गाद्यांची खुर्ची असेल तर ९ वी पायरीही वाचा.

एक गोष्ट आधीच पक्की धरा. भरण थराथरांची असते आणि प्रत्येक थराचं काम वेगळं असतं. तळचा थर वरच्या सगळ्याला स्प्रिंगांपासून वाचवतो, मधला थर अंगाचं वजन पेलतो आणि वरचा थर बसायला मऊपणा देतो. एका थराचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारलं की खुर्ची वर्षभरात बसते.

काय काय आणायचं

मापं साधारण २२ × २२ इंच बैठक, त्याच मापाची पाठ आणि दोन हात अशी धरली आहेत. तुमची खुर्ची मोजून कमी-जास्त करा.

- दोन इंच रुंद तागाची पट्टी किंवा घट्ट विणीची निवार, ९ मीटर
- नवं जाड तरट, सव्वा मीटर
- जाड, न ताणणारी दोरी स्प्रिंगा बांधायला आणि बारीक मजबूत सुतळी शिवायला
- रबराइज्ड काथ्याची १ इंची शीट, बैठकीच्या मापाची. किंवा सुटा कुरळा काथ्या दीड ते दोन किलो
- ४० डेन्सिटीचा (अर्थ ६ व्या पायरीत) फोम २ इंची, बैठकीसाठी
- २८ किंवा ३२ डेन्सिटीचा मऊ फोम २ इंची पाठीसाठी आणि अर्धा इंची हातांसाठी
- कापसाची लादी किंवा २०० ते ३०० जीएसएमची (एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) पॉलिएस्टर शीट, ३ मीटर
- मांजरपाट, ३ मीटर
- अर्ध्या इंचाच्या आणि पाऊण इंचाच्या चुका (बारीक खिळे), नाहीतर हातातला स्टेपलर आणि ८-१० मिमीच्या पिना
- फोमला चालणारं रबर सोल्यूशन
- दाभण, वाकडी सुई, टोच्या, बोथट पटाशी, पकड, हातोडी, लांब हॅक्सॉ ब्लेड, मेजरटेप, खडू, मास्क

सुतळी, चुका, दाभण हा माल पुण्यात बोहरी आळीसारख्या हार्डवेअरच्या गल्लीत सहज मिळतो. फोम आणि काथ्याची शीट गादीवाल्याकडे किंवा सोफ्याचं सामान विकणाऱ्याकडे बघा. हे सगळं एका फेरीत आणायच्या भानगडीत पडू नका. फोमची जाडी तिसऱ्या पायरीनंतरच कळते.

१. उसवायच्या आधी मोजा

खुर्ची जशी मढवली असेल त्याच्या उलट क्रमाने उसवायची: आधी तळाचं कापड, मग पाठीची मागची बाजू, हातांची बाहेरची बाजू, त्यानंतर आतली पाठ, आतले हात आणि शेवटी बैठक. प्रत्येक थर काढायच्या आधी फोटो घ्या. चुका उपटताना पटाशी लाकडाच्या शिरांच्या दिशेने धरा. आडवी धरली तर जुन्या सागवानाची ढलपी निघते.

चार मापं कागदावर हवीत:

- जमिनीपासून बैठकीच्या चौकटीची वरची कड
- जमिनीपासून हाताचा वरचा माथा
- जुन्या बैठकीची मधली उंची आणि कडेची उंची, दोन्ही वेगवेगळ्या
- लाकडात कापड बसवायला खाच असेल तर तिची खोली

ही खाच फार महत्त्वाची. ती अर्धा इंच खोल असेल तर कडेला आलेली भरण आणि कापड मिळून तेवढ्यातच मावायला हवं. जाड फोम कडेपर्यंत आणला तर कापड खाचेबाहेर फुगतं आणि कोरीव लाकूड झाकलं जातं.

जुनं कापड टाकू नका, ते नव्याचा साचा आहे. जुनी भरण लगेच कचऱ्यात घालू नका, कारण पुढची पायरी तिचीच आहे. काम मात्र गच्चीत किंवा अंगणात करा आणि मास्क लावा. पन्नास वर्षांची धूळ एका झटक्यात बाहेर येते, सोबत ढेकणांची अंडीही असू शकतात. चौकटीतून पिठासारखी भुकटी गळत असेल तर लाकडाला भुंगा लागला आहे. आधी लाकडाचा इलाज करा, भरण नंतर.

२. आत काय होतं ते ओळखा

घोड्याचे केस: काळे-करडे, कुरळे, चिवट. मूठभर घेऊन दाबले आणि सोडले की लगेच उसळतात. खात्री हवी असेल तर एक केस चिमट्यात धरून पेटवा. डोक्याचा केस जळल्यासारखा वास येतो आणि टोकाला काळा ठिसूळ गोळा उरतो. जुन्या चांगल्या खुर्च्यांतून हे निघाले तर जपून ठेवा, आज बाजारात असा माल सहजी मिळत नाही.

काथ्या: तांबूस, खरखरीत. पेटवला तर सुतळीसारखा जळतो आणि राख होते. चार-पाच तंतू बोटाभोवती गुंडाळा. वळले तर काथ्यात अजून जीव आहे. कटकन तुटून भुकटी झाली तर तो गेला.

कापूस: दबून गोळे झालेला, काळवंडलेला. बैठकीतला जुना कापूस पिंजून पुन्हा बैठकीत घालू नका. त्याचे तंतू तुटलेले असतात, दोन महिन्यांत पुन्हा गोळे होतात.

फोम: मधल्या काळात कोणी खुर्ची मढवून घेतली असेल तर तो सापडतो. पिवळा, चिकट, चुरगळला की भुगा. टाकून द्या. लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम, तोही म्हातारा झाला की कडक होऊन पापुद्र्यांसारखा तुटतो.

गवत किंवा पेंढा निघाला तर सरळ फेका.

केस धुता येतात. उशीच्या जुन्या अभ्र्यात सैल भरा, तोंड बांधा, कोमट साबणाच्या पाण्यात दोन-तीनदा बुडवून दाबा. चोळू नका, जटा होतात. सावलीत दोन-तीन दिवस वाळवा आणि मग हातांनी मोकळे करा, भाजीचा चोथा विस्कटतो तसे थोडे थोडे ओढून. धुतलेले, मोकळे केलेले केस आधीच्या दीडपट-दुप्पट दिसतात.

आणखी एक गोष्ट पाहा. बैठकीच्या पुढच्या कडेला बोटभर जाड, टणक वळकटी असेल आणि तिच्यावर सुतळीचे टाके दिसत असतील तर ती हाताने शिवलेली कड आहे. तरटाच्या आत काथ्या किंवा केस दाबून, दाभणाने टाक्यांच्या ओळी घालून ती केलेली असते. ती टणक असेल, तरट कुजलेलं नसेल, तर तिला हात लावू नका. वरचे थर तेवढे बदला. आजच्या फोममधून तशी सरळ धार येत नाही.

३. जाडी दुकानात ठरवू नका, खुर्चीवर ठरवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. उदाहरण घेऊ. चौकटीची वरची कड जमिनीपासून १२ इंचांवर आहे. बांधलेल्या स्प्रिंगा मधोमध तिच्यावर ३ इंच येतात, म्हणजे १५. हाताचा माथा २४ इंचांवर. वर ३ इंच भरण घातली तर बैठक १८ इंच दिसते. माणूस बसला की स्प्रिंग आणि भरण मिळून दीड-दोन इंच दबतात, म्हणजे बसल्यावर १६ ते साडेसोळा. हात बैठकीपासून साडेसात-आठ इंच वर राहतात आणि कोपर आरामात टेकतं.

आता त्याच खुर्चीत पाच इंची फोम घाला. बसल्यावरही बैठक १८ इंचांवर राहील. हात सहाच इंच वर उरले, म्हणजे कोपर टेकायला खांदे पाडून वाकावं लागेल. बुटक्या माणसाचे पाय जमिनीला पुरणार नाहीत. खुर्ची दिसायलाही फुगलेली, कारण तिची पाठ आणि हात मूळच्या बैठकीच्या हिशेबाने बेतलेले असतात.

बसल्यावर बैठक १६ ते १७ इंच आणि हात तिच्यावर ७ ते ९ इंच, या दोन मर्यादांत बसेल ती जाडी तुमची. घरातल्या वयस्कर माणसासाठी खुर्ची करत असाल तर बसल्यावर १८ इंचही चालेल. गुडघे धरलेल्या माणसाला उंच आणि टणक बैठकीवरून उठणं सोपं जातं. पण तेव्हा उंची मऊ फोमने वाढवू नका, तळच्या टणक थराने, म्हणजे काथ्याने, वाढवा.

४. तळ: पट्टी, स्प्रिंग, तरट

खालचं सैल असेल तर वर कितीही महाग भरण घाला, खड्डा पडणारच. पट्ट्या उभ्या सहा आणि आडव्या सहा, एकमेकींतून विणून. दोन पट्ट्यांमधली फट पट्टीच्या रुंदीपेक्षा कमी हवी. टोक दुमडून पाच चुका ठोका. पट्टी ताणायच्या आधी कापू नका, पकडायला हातभर जास्तीची हवी. ताणलेल्या पट्टीवर टिचकी मारली की दणदणीत आवाज आला पाहिजे. खाटेची सैल सुती निवार इथे नको, ती ताणते आणि ताणलेली राहते.

स्प्रिंगा गंजल्या असतील तर घासून घ्या. तुटलेली किंवा वाकडी झालेली त्याच उंचीच्या आणि त्याच जाडीच्या तारेची बदला. प्रत्येक स्प्रिंग पट्टीला तीन-चार ठिकाणी शिवा, वरून उभ्या, आडव्या आणि तिरक्या दोऱ्यांनी बांधा, म्हणजे एका स्प्रिंगेला आठ बाजूंनी धरलं जातं.

त्यावर तरट, नवंच. धान्याची किंवा खताची रिकामी पोती वापरायचा मोह होतो, पण त्यांत दाण्याचे कण आणि वास राहतो आणि त्यामागे किडे येतात. तरट स्प्रिंगांना वरून शिवून टाका. नाही शिवलं तर स्प्रिंग तरटाला घासत राहते आणि एक दिवस वर येते.

५. मधला थर: काथ्या की फोम

फोम थेट स्प्रिंगेवर किंवा नुसत्या तरटावर ठेवू नका. बसता-उठता स्प्रिंगेचं वेटोळं खालून फोम कातरत जातं. वरून काही दिसत नाही, पण सहा-आठ महिन्यांत बैठकीत गोल गोल उंचवटे लागायला लागतात. मधे काथ्याचा थर हवाच.

पहिल्यांदाच करणाऱ्याने रबराइज्ड काथ्या घ्यावा. नारळाच्या सोडणाचे कुरळे तंतू रबराच्या चिकाने बांधून त्याची शीट केलेली असते. हवा खेळती राहते आणि स्प्रिंगेचा दाब सगळीकडे पसरतो. शीट विकत घेताना कोपरा दुमडून बघा. चांगली शीट दुमडते आणि सुटते. चिक कमी घातलेली असेल तर कडकड करत तुटते आणि हाताला तांबडा भुगा लागतो. हॅक्सॉ ब्लेडने कापा, चौकटीच्या आतल्या मापापेक्षा अर्धा इंच मोठी ठेवा आणि कडेने तरटाला सुतळीने टाचा. चिकटवू नका, पुढच्या वेळी उसवणाऱ्याला त्रास.

सुटा काथ्या वापरायचा असेल तर कुरळा मागा. काथ्याला दोरीसारखा पीळ देऊन ठेवतात आणि मग उकलतात, म्हणून तो कुरळा होतो. सरळ तंतूंचा काथ्या दबला की पुन्हा वर येत नाही. भरायची रीत अशी. दाभणाने तरटावर सुतळीचे सैल फास घाला, ओळीने, चार-चार इंचांवर, प्रत्येक फासाखालून चार बोटं आडवी जातील इतके सैल. काथ्याची मूठ हाताने मोकळी करा, फासाखाली सरकवा, शेजारच्या मुठीत तिची टोकं गुंतवा. आधी कडेने, मग मधे. मूठ गोळा करून कोंबली की तो गोळा कायमचा लागत राहतो. म्हणून प्रत्येक मूठ विस्कटूनच ठेवायची आणि तळहाताने चाचपत पुढे जायचं. हव्या असलेल्या जाडीच्या दुप्पट ढीग झाला पाहिजे. वर तरट किंवा मांजरपाट ताणलं की तो निम्म्यावर येतो. दोन थरांमधून आरपार टाके घालून तो एका जागी बांधा, नाहीतर काथ्या हळूहळू कडेकडे सरकतो.

कोणता मार्ग घ्यायचा? शिवलेली कड जिवंत असेल किंवा चौकटीला वळणं असतील तर सुटा काथ्या, वर केस, वर कापूस. वेळ जास्त लागतो, पण ही भरण पन्नास वर्षं टिकल्याचा पुरावा तुमच्याच पुढ्यात उसवून पडलेला असतो. चौकट सरळ असेल आणि कड गेलेली असेल तर १ इंच रबराइज्ड काथ्या आणि २ इंच फोम. स्प्रिंगा काढून टाकून नुसता फोम भरायचा सल्ला कारागीर देतात, कारण त्यांचं एक दिवसाचं काम वाचतं. स्प्रिंगा चांगल्या असतील तर ऐकू नका. फोमच्या मोठ्या ठोकळ्यात ती उसळी येत नाही.

६. फोम घेताना

डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. तो किती टिकेल याचा अंदाज त्यावरून येतो. तो मऊ लागेल की टणक हे त्यावरून कळत नाही; ४० चा मऊही मिळतो आणि टणकही. म्हणून दुकानात दोन्ही सांगा: ‘बैठकीला ४०, मध्यम टणक.’ अंगठ्याने दाबून फोम निवडू नका. अंगठ्याला मऊ लागलेला फोम माणसाच्या वजनाखाली तळाला टेकतो.

बैठकीला ४०. रोज बसायची नसेल तर ३२ चालतो. १८ आणि २३ बैठकीला अजिबात नको.

४० सांगून ३२ दिलेला फोम नुसता बघून ओळखता येत नाही, वजनाने येतो. १० सेंमी लांब, रुंद आणि उंच तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर ४० ग्रॅम भरतो, ३२ चा ३२ ग्रॅम. बैठकीचा २२ × २२ × २ इंची तुकडा ४० चा साधारण ६३५ ग्रॅम आणि ३२ चा साधारण ५१० ग्रॅम. स्वयंपाकघरातला छोटा काटा पुरतो.

पण वजनावरही पूर्ण विसंबू नका. काही हलक्या फोममध्ये वजन वाढवायला खडूसारखी भुकटी मिसळलेली असते. काट्यावर तो ४० भरतो, ताकद मात्र कमी. त्यासाठी गोटी न्या, मुलांची काचेची. दोन नमुने शेजारी ठेवा आणि एका फुटावरून गोटी सोडा. चांगल्या उसळीच्या फोमवरून ती निम्म्यापर्यंत वर येते. भुकटी मिसळलेल्या फोमवर ती थबकते. कोपरा चिमटीत घट्ट दाबून सोडा. सुरकुती हळूहळू जात असेल तर तो फोम घेऊ नका.

इतर प्रकार थोडक्यात. रंगीबेरंगी ठिपक्यांचा रिबॉन्डेड फोम कापलेल्या तुकड्यांचा चुरा दाबून करतात, तो फार जड आणि टणक असतो. कडेला अर्धा इंच पट्टी म्हणून किंवा हातांच्या लाकडावर उत्तम. पूर्ण बैठक त्याची केली तर अर्ध्या तासात हाडं दुखतात. लॅटेक्स सुंदर उसळतं, वर्षानुवर्षं टिकतं, पण जड आणि महाग, आणि ऊन-प्रकाश त्याला चालत नाही. वर दाट मांजरपाट असलंच पाहिजे. मेमरी फोम बैठकीला नको. गरमीत तो मऊ होऊन माणूस रुततो. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा, कुरकुरणारा फोम हातांना लावायची पद्धत पडली आहे. तो एकदा दबला की दबलेलाच राहतो.

फोम कापताना माप चारही बाजूंनी अर्धा इंच मोठं घ्या, म्हणजे तो लाकडाच्या कडेवरून थोडा वळतो आणि कड हाताला लागत नाही. लांब ब्लेड उभं धरून, न दाबता, लांब लांब फेऱ्यांत कापा. दाबून कापलं की कड आत वळते. बैठकीला मधे हलकी गोलाई हवी असेल तर मोठ्या तुकड्याच्या खाली अर्धा इंची छोटा तुकडा ठेवा, चारही कडांपासून दोन-तीन इंच आत. ही गोलाई नसेल तर कापड सुरुवातीला सपाट दिसतं आणि महिन्याभरात मधे सैल पडतं.

चिकटवायला रबर सोल्यूशन. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावा, पाच-दहा मिनिटं थांबा, बोटाला चिकट पण ओलं लागत नाही असं झालं की एकदाच नीट जुळवून दाबा. लाकडाला लावतो तो पांढरा फेविकॉल फोमला लावू नका. तो वाळला की कडक पापुद्रा होतो आणि बसल्यावर टोचतो. सोल्यूशन पेट घेतं, त्यामुळे देवघरातली समई आणि गॅस बंद, खिडक्या उघड्या.

फोम स्वतःही झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. खुर्ची देवघराजवळ किंवा सिगारेट ओढणाऱ्याची असेल तर काथ्या, केस आणि वर लोकरीचं कापड हा मार्ग बरा, किंवा आग लवकर न धरणारा फोम मागून घ्या. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी तिथले १९८८ चे फर्निचरच्या आगीविषयीचे नियम पाहूनच फोम घ्यावा. १९५० पूर्वी बनलेल्या फर्निचरला त्यांतून सूट आहे.

७. वरचा थर

फोमवर थेट कापड लावलं की कापड फोमला घासतं, सरकतं, त्याच्या सुरकुत्या पडतात. मधे पॉलिएस्टरची शीट किंवा कापसाची लादी घाला. बाजारात या शीटला रेकरॉन म्हणतात, कंपनी कुठलीही असो.

केसांवर कापूस हवाच, नाहीतर केस कापडातून डोकं काढतात. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून अर्धा-पाऊण इंच जाडीची सलग लादी करून घ्या. लादी कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाडलेली कड विरळ होत जाते आणि कापडाखाली दिसत नाही. कात्रीची कड वरून रेषेसारखी उमटते. लादी लाकडाच्या कडेवरून खाली ओघळू देऊ नका, कडेला गाठ येते.

सावरीचा कापूस रेशमासारखा मऊ आणि हलका, पण तंतू ठिसूळ. बैठकीत दोन वर्षांत त्याची पूड होते. डोक्याच्या उशीलाच तो शोभतो.

या सगळ्यावर मांजरपाट ताणून बसवा. कारागीर ही पायरी गाळतात. सगळा ताण मांजरपाट घेतं, त्यामुळे वरच्या कापडाची शिवण उसवत नाही, आणि पुढे कापड बदलताना भरणीला धक्का लागत नाही. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक चूक अर्धी ठोका, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे जा. कोपरे शेवटी.

८. पाठ आणि हात

पाठ बैठकीपेक्षा मऊ हवी. २८ किंवा ३२ डेन्सिटीचा मऊ फोम २ इंच. कंबर टेकते त्या खालच्या भागात आणखी एक इंची पट्टी, सहा-सात इंच उंच, वरची कड तिरकी कापलेली. पाठ जितकी जाड कराल तितकी बैठकीची खोली कमी होते हे विसरू नका. बैठक मुळात २० इंच खोल असेल आणि पाठीला चार इंच भरण घातली तर मांडी टेकायला सोळाच इंच उरतात.

हातांना आधी अर्धा इंच रिबॉन्डेड, लाकडाच्या धारदार कडा झाकतील असा, वर अर्धा इंच मऊ फोम, वर पॉलिएस्टर. नुसता मऊ फोम लावला तर आठवड्यात कोपराला लाकूड लागतं.

९. सुट्या गाद्यांची खुर्ची

लाकडी पट्ट्यांवर किंवा वेतावर ठेवायच्या गादीला स्प्रिंग नसते, म्हणून फोमवर सगळा भार. ४ इंच ४० डेन्सिटी, २२ × २२ चा तुकडा साधारण सव्वा किलो. फोम खोळीपेक्षा अर्धा इंच मोठा कापा. नेमक्या मापाचा फोम खोळीत घातला तर कोपरे लगेच मऊ पडतात. वेताच्या बैठकीवर फोमखाली जाड सुती कापड शिवा, नाहीतर वेताची जाळी फोमवर छापून बसते.

१०. तुमच्या गावची हवा

कोकणपट्टीत, गोव्यात, मुंबईत पावसाचे चार महिने कापूस ओल धरतो आणि खुर्चीला कुबट वास सुटतो. तिथे कापसाऐवजी पॉलिएस्टर घ्या आणि काथ्यावर भर द्या. काथ्या ओलीला चांगला तोंड देतो. त्यावर रेक्झिन चढवणार असाल तर बैठकीच्या तळाला विरळ सुती कापडच लावा, प्लास्टिक नको. बसताना आतली हवा कुठून तरी बाहेर पडावी लागते. ती वाट बंद केली की शिवणी फाटतात आणि आत घाम साठतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत कापूस छान टिकतो. तिथे शत्रू ऊन. खिडकीजवळच्या खुर्चीत लॅटेक्स नको आणि फोमवर दाट मांजरपाट हवंच. पावसाळा कुठलाही असो, भरण्याचं काम श्रावण-भाद्रपदात काढू नका. काथ्या आणि केस पूर्ण कोरडे असतानाच आत गेले पाहिजेत.

११. कापड लावायच्या आधी अर्धा तास बसा

मांजरपाट बसलं की थांबा. जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी खुर्ची करताय त्या माणसाला अर्धा तास बसवा. पाच मिनिटांत काही कळत नाही. या गोष्टी तपासा:

- पाय जमिनीवर सपाट टेकतात का, मांडीला पुढची कड काचते का
- खाली स्प्रिंगेचं वेटोळं किंवा काथ्याची गाठ लागते का
- कोपर टेकताना खांदे वर जातात किंवा पडतात का
- उठताना हातांवर किती जोर द्यावा लागतो

गाठ लागली तर मांजरपाट न काढता टोच्या आत घालून काथ्या इकडेतिकडे हलवता येतो. पुढची कड काचत असेल तर भरण वाढवू नका. कडेचा फोम खालून तिरका कापा. बसल्यावर तळाला काही टणक लागत असेल तर मधल्या थराची जाडी कमी पडली आहे. वर मऊ थर चढवून ते झाकलं जात नाही, फोम बदलावा लागतो. तो आत्ता बदलणं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सगळं जमलं की कापड, आणि शेवटी तळाचं कापड. ते ठोकायच्या आधी एका कागदावर आत कोणते थर आहेत, कोणत्या डेन्सिटीचे, किती जाडीचे, आणि कोणत्या महिन्यात भरले ते लिहा. कागद छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून चौकटीला आतून चुकांनी ठोका.